गोड पाणी

पूर्णेच्या पुलावर छोट्या हत्तीत
बत्ताशीनं चारही पाय एकदम बदलले,
गाडी एका अंगाला कलली.
प्रज्वल म्हणाला, आई, मागं पाहू नको.
मी पाहिलं.
हबीबखाँ इथवर फटफटीवर आले होते,
हातात रिकामा तोबरा,
तो द्यायचा राहून गेला होता की ठेवून घेतला होता, कळलं नाही.

सोबत दिलं होतं त्यांनी
दोन पोती हरभऱ्याचं कुटार, कडब्याच्या सोळा पेंढ्या,
त्यांच्या विहिरीचं पाणी एक कॅन,
आणि तोंडी हिशोब:
पहिल्या दिवशी तीन मुठी आमचं, एक मूठ तुमचं.
मंग अर्धं अर्धं. मंग उलटं.
घाई नोका करू बाई,
घोडीले ओकता येत नाही.
पोटात गेलं ते गेलं.

आमचा कोठा म्हणजे गायींचा,
गायी विकल्यावर संत्र्याची खोकी ठेवायचो.
सिमेंटची फरशी, वर टिन.
रात्री सातपुड्याकडचा वारा टिनाखाली शिरला
की ती भिंतीला अंग लावून उभी राही,
आणि नालांचा आवाज थेट माझ्या उशाशी.
मी फरशीवर कुटार पसरलं, जाड,
शेजारची म्हणाली, एवढं लाडाचं तर जावयालाही नसते.

प्रज्वलला घाई. तुळशीचं लग्न अकरा दिवसांवर,
परतवाड्याची पहिली वरात ठरलेली,
झूल शिवायला टाकलेली.
त्यानं कांडीचं पोतं आणलं, वर घोड्याचा फोटो,
आणि ओतलं अर्धं घमेलं.
मी हातानं उपसून काढलं.
पोतं कोठीत, किल्ली कमरेला.
बोलला नाही दिवसभर.

खायची ती. पाणी नाही.
बादलीत नाक घाली, वर काढी,
फुर्र करून माझ्या लुगड्यावर उडवी.
कॅन दुसऱ्या दिवशीच संपला.
डॉक्टरांनी हिरड्या दाबून पाहिल्या, पोटाला कान लावला,
म्हणाले, पाण्यात काही दोष नाही, गोड आहे की.

गोड आहे. तेच तर.

मी पण त्याच पट्ट्यातली, खारपाणातली.
इथला पहिला चहा तोंडात धरून बसले होते,
काय कमी आहे ते सांगता येईना.
डाळ डोळ्यांदेखत गळून जायची,
साबणाचा फेस हातावरून उतरायचा नाही.
आठ दिवस भाजीत दोनदा मीठ पडलं,
जावा हसल्या.
नशीब काढलंस, म्हणायचे सगळे, गोड पाण्यात पडलीस.
मी पिऊ लागले. कधीपासून, आठवत नाही.

संध्याकाळी खडेमीठ घेतलं,
बादलीत चिमूट टाकली, ढवळलं, स्वतः चाखलं.
नाही.
आणखी एक.
नाही.
तिसऱ्या चिमटीला
बापाच्या विहिरीचा काठ जिभेखाली आला,
दोराचा वास, शेवाळ, पितळी गुंडाचा गार ओठ.
बादली पुढं सरकवली.

तिनं नाक घातलं. थांबली.
मग प्यायली,
घोटागणिक कान मागंपुढं हलत होते
आणि मी घोट मोजत होते, चाळीसनंतर चुकले.

रोज थोडं थोडं मीठ कमी केलं.
कुटार कमी, कांडी जास्त, मीठ कमी.
रोज सकाळी लीद बोटांनी फोडून पाहिली.
नवव्या दिवशी नुसतं इथलं पाणी ठेवलं,
आणि कोठ्याबाहेर येऊन उभी राहिले, पाठ करून.
बादली खळाळली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री हबीबखाँचा फोन.
पाणी पेते का?
पेते.
कोन्तं?
इथलंच आता.
बराच वेळ तिकडून नुसती पंख्याची घरघर.
मग म्हणाले, बरं झालं.
आणि फोन ठेवायच्या आधी,
तोबरा पाठवून देतो एस्टीनं.
नवी शिवा म्हटलं तर तिले पटणार नाही.